डिशवॉशरची गळती आणि झिजलेले सील

डिशवॉशरच्या दारापाशी पाणी साचलेले दिसले की दाराभोवतीचे रबर गेले असे निदान बहुतेक घरांत तत्काळ केले जाते, आणि ते पुष्कळदा बरोबरही ठरते. परंतु त्यामागे यंत्राच्या रचनेविषयी जो समज असतो तो सहसा चुकीचा असतो. टब पाण्याने भरतो आणि दाराचे सील ते पाणी आत अडवून धरते, असे मानले जाते. प्रत्यक्षात घरगुती डिशवॉशर एका वेळी साधारण तीन ते चार लिटर पाणी घेतो, ते टबाच्या तळातील खोलगट कुंडीत आणि तिच्या आसपासच राहते, आणि त्याची पातळी दाराच्या खालच्या कडेपर्यंत चढणे अपेक्षितच नसते. कुंडीला जोडलेला अभिसरण पंप, म्हणजे तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवणारा पंप, हे पाणी दाबाने स्प्रे आर्ममध्ये ढकलतो; स्प्रे आर्म हा भोके पाडलेला पोकळ दांडा असून भोकांतून तिरक्या सुटणाऱ्या धारांच्या उलट्या धक्क्याने तो आपोआप फिरत राहतो. त्यामुळे सीलला उभे पाणी रोखायचे नसते. उडणारे शिंतोडे, दाराच्या आतील पत्र्यावरून ओघळणारा पाण्याचा पातळ थर आणि ४५ ते ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याची वाफ एवढेच त्याच्या वाट्याला येते.

दुरुस्तीची दिशा या एका गोष्टीवरून ठरते. दाराखाली दोन-चार चमचे पाणी येत असेल तर सीलवर संशय घेणे योग्य आहे. मात्र स्वयंपाकघराच्या फरशीवर थारोळे होत असेल, तर एकतर आतील पातळी नको तितकी वाढली आहे, किंवा एखादी धार भलत्या दिशेने दारावर आदळते आहे, किंवा पाणी दारातून येतच नसून यंत्राच्या पोटातून येते आहे, असे समजावे. अशा वेळी नवे सील बसवले तरी पाणी यायचे ते येतेच, आणि नव्या सीलचे पैसे तेवढे वाया जातात.

घरोघरी परिचित असलेल्या प्रेशर कुकरच्या रिंगेशी ताडून पाहिले तर या सीलचे काम अधिक नीट कळते. कुकरमध्ये दाब वाढू लागला की वाफच रिंगेला झाकणाच्या कडेवर अधिकाधिक घट्ट दाबते, म्हणजे ज्याला रोखायचे त्याचीच मदत रिंगेला मिळते. डिशवॉशरच्या टबात असा दाब नसतो, त्यामुळे दाराच्या सीलला केवळ स्वतःच्या लवचिकपणावर अवलंबून राहावे लागते: दार बंद होताना ते थोडे दबले पाहिजे आणि दबलेल्या अवस्थेत सतत मूळ आकाराकडे परतू पाहिले पाहिजे, कारण या परतू पाहण्यातूनच दाराच्या पत्र्यावर टेकणारे बळ निर्माण होते. भरीव रबर दाबले असता त्याचे आकारमान जवळजवळ घटत नाही, ते फक्त बाजूला फुगते; म्हणून दाराची सीले बहुधा पोकळ नळीच्या किंवा पातळ ओठाच्या आकाराची काढतात, जेणेकरून बोटभर जोराने दार लागावे आणि तरीही सील सर्वत्र टेकावे. नळीच्या पाठीशी दातेरी पाया असतो आणि तो टबाच्या कडेवरील खाचेत रुतून बसतो. तेथे गोंद किंवा चिकटपट्टी नसते, आणि घरच्या घरी सील बदलता येते ते याचमुळे.

धारांनी भांडी धुण्याची कल्पना डिशवॉशरइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल येथील जोसेफिन कॉक्रेन यांनी २८ डिसेंबर १८८६ रोजी ज्या यंत्राचे पेटंट मिळवले, त्यात भांड्यांच्या आकाराप्रमाणे तारेचे कप्पे होते आणि साबणाचे गरम पाणी दाबाने त्यांच्यावर सोडले जाई. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ते यंत्र मांडले गेले आणि त्याचे पहिले मोठे ग्राहक हॉटेले व संस्था होत्या. त्या यंत्राच्या आधी जवळपास अर्धे शतक, १८३९ मध्ये, चार्ल्स गुडइयर यांना नैसर्गिक रबर गंधकासह तापवले असता उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होण्याचा त्याचा दोष जातो, हे आढळले होते. या प्रक्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात. कच्च्या रबरातील लांबच लांब रेणुसाखळ्या एकमेकींवरून मोकळ्या घसरू शकतात. गंधक त्यांना जागोजागी एकमेकींशी बांधतो, आणि मग ताणलेले किंवा दाबलेले रबर सोडताच मूळ आकारात येते. सीलला लागणारा सगळा गुण या गाठींमध्ये आहे आणि सील झिजते म्हणजे मुख्यतः या गाठींचे काहीतरी बिघडते.

आजच्या डिशवॉशरांत दाराच्या सीलसाठी बहुधा ईपीडीएम हे कृत्रिम रबर वापरतात. इथिलीन, प्रोपिलीन आणि डायीन गटातील एक संयुग यांपासून ते तयार होते आणि गरम पाणी, वाफ, आम्लारिधर्मी धुण्याची पावडर व हवेतील ओझोन यांना ते नैसर्गिक रबरापेक्षा कितीतरी चांगले तोंड देते. त्याचे एक मोठे वैगुण्य मात्र ध्यानात ठेवले पाहिजे: खनिज तेलाच्या सहवासात ते फुगते आणि मऊ पडते. सील सहज सरकावे म्हणून त्याला व्हॅसलीन चोपडण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. व्हॅसलीन हे पेट्रोलियमपासूनच मिळते, त्यामुळे हा सल्ला नव्या सीलचे आयुष्य पहिल्याच दिवशी कमी करणारा आहे. वंगण हवेच असेल तर सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात पुरतो, आणि बहुतेक वेळा साबणाच्या पाण्याचे चार थेंबही पुरतात.

सील फाटलेले, चिरलेले किंवा बुरशीने काळे पडलेले असेल तर ते वाईट आहे हे कोणालाही कळते. याहून अधिक आढळणारा आणि डोळ्यांना न दिसणारा दोष म्हणजे कायमची दबण. रबर दीर्घकाळ दाबून आणि तापवून ठेवले की त्याच्या साखळ्यांमधील काही गाठी तुटतात आणि दबलेल्या अवस्थेतच नव्याने जुळतात. मग दाब काढल्यावर परतायचा मूळ आकारच त्या रबराच्या दृष्टीने बदललेला असतो. रबर-उद्योगात हा दोष मोजण्याची सर्वमान्य चाचणी आहे: नमुना मूळ जाडीच्या २५ टक्के दाबून ठरावीक तापमानाला ठरावीक तास ठेवतात, नंतर सोडतात आणि किती जाडी परत आली नाही ते पाहतात. घरी एवढे करण्याची गरज नाही. यंत्र काही तास दार उघडे ठेवून थंड होऊ द्यावे आणि सीलवरून बोट फिरवावे. जेथे नळी चपटी होऊन तशीच राहिली आहे, जेथे पत्र्याच्या कडेची रेघ तिच्यावर खोल उमटली आहे आणि दाबले असता रबर परत उसळत नाही, तेथे त्याचे काम संपले आहे. परत उसळण्याचा वेग किती निर्णायक असू शकतो हे जगाने एका दारुण प्रसंगी पाहिले आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अवकाशयान कोसळल्यानंतरच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रबरी कड्याचा तुकडा बर्फाच्या पाण्यात दाबून धरला, आणि सोडल्यावर तो लगेच उसळत नाही हे सर्वांसमक्ष दाखवले. तेथे कारण थंडीचे होते आणि दबण तात्पुरती होती. डिशवॉशरमध्ये कारण उष्णतेचे असते आणि दबण कायमची.

भारतीय स्वयंपाकघरात या झिजेला दोन गोष्टी हातभार लावतात. पहिली तेलाची. फोडणीच्या कढया आणि तुपाची भांडी यांच्यावरची चरबी धारांनी सुटते, आणि तिचा काही भाग दाराच्या खालच्या कडेला, म्हणजे जेथे स्वच्छ पाण्याची धार कधीच थेट पोहोचत नाही तेथे, थिजून बसतो. त्यात अन्नाचे कण अडकतात आणि सील पत्र्याला टेकण्याऐवजी या किटणाला टेकू लागते. दुसरी गोष्ट पाण्याची. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ असतात, पाणी तापले की ते पांढऱ्या खरखरीत थराच्या रूपाने बाहेर पडतात, आणि सीलच्या ओठावर बसलेला हा थर दर वेळी दार लावताना रबर घासत राहतो. यंत्रातील पाणी मृदू करणाऱ्या कप्प्यात वेळेवर मीठ न भरणाऱ्या घरांत सील लवकर खराब होते ते यामुळे. पुष्कळ ‘झिजलेली’ सीले लिंबूसत्वाच्या कोमट द्रावणाने आणि जुन्या टूथब्रशने स्वच्छ केल्यावर पूर्ववत काम करू लागतात, म्हणून खरेदीच्या आधी ही साफसफाई करून दोन दिवस वाट पाहणे केव्हाही शहाणपणाचे. क्लोरीनचे ब्लीच मात्र वापरू नये. त्याने रबरही बिघडते आणि स्टीलच्या टबावरही डाग पडतात.

निदानाचा सर्वांत उपयोगी प्रश्न पाणी कोठे दिसते हा नसून ते केव्हा दिसते हा आहे, कारण पाणी एका ठिकाणी निसटते, यंत्राच्या तळपत्र्यावरून वाहते आणि भलत्याच कोपऱ्यात बाहेर येते. यंत्र बंद असतानाही थेंब पडत असतील तर दोष पाणी आत सोडणाऱ्या झडपेत किंवा नळाच्या जोडात असतो. पाणी भरताना ठिबकत असेल तर येणारी नळी पाहावी, आणि पाणी बाहेर फेकले जाताना येत असेल तर निचऱ्याची नळी. ओट्याखाली उंदरांचा वावर असलेल्या घरांत ही नळी कुरतडलेली असणे मुळीच दुर्मीळ नाही. प्रत्यक्ष धुणे चालू असतानाच, आणि तेही दाराच्या खालच्या कडेने किंवा कोपऱ्यांतून पाणी येत असेल, तरच सीलचा विचार पुढे न्यावा. यंत्राखाली वर्तमानपत्राची कोरडी पाने पसरून एक फेरी चालवली आणि दर दहा मिनिटांनी बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर पहिला ओला डाग कधी आणि कोणत्या बाजूला पडला हे निश्चित कळते.

एवढ्यानेही सील दोषी ठरत नाही. भांडी घासण्याचा नेहमीचा द्रवसाबण चुकून वापरला गेला असेल तर त्याचा फेस टबात इतका वाढतो की तो उत्तम सीललाही दाद न देता खालच्या फटीतून बाहेर येतो; डिशवॉशरची पावडर मुद्दाम कमी फेसाची केलेली असते. यंत्र पुढच्या बाजूला कलले असेल तर तळाचे पाणी दाराच्या ओठाशी येऊन थांबते, तेव्हा पाणसळ किंवा स्पिरिट लेव्हल ठेवून पाय फिरवून घ्यावेत. स्प्रे आर्म दोन अर्धे भाग जोडून केलेला असतो. तो जोड उसवला की त्यातून एक धार सरळ दाराच्या तळाशी आदळते. जाळी तुंबली असेल तर पाणी नको तेथे साचते. आणि या सर्वांहून साधे कारण म्हणजे दाराशी उभी करून ठेवलेली परात, जी खालून येणारी धार झेलून दाराच्या फटीकडे वळवते; वरणाची मोठी पातेली आणि पराती मागच्या बाजूला लावल्या म्हणजे ही गळती पैसा न खर्चता थांबते. चालू यंत्राचे दार मधेच उघडून पुन्हा लावल्यास आत शिरलेली गार हवा एकदम तापून प्रसरण पावते आणि वाफेबरोबर थोडे पाणी बाहेर ढकलते, तेही गळतीत मोजू नये.

यानंतर कागदाची कसोटी घेता येते. वर्तमानपत्राची दोन बोटे रुंदीची पट्टी सील आणि दार यांच्यामध्ये ठेवून दार लावावे आणि पट्टी हळूच ओढावी. चांगल्या सीलमध्ये ती अडते, दबलेल्या जागी अलगद निसटते. दोन्ही बाजू, वरची कड आणि कोपरे अशा आठ-दहा जागी हे करून पाहिले की दबलेला पट्टा नेमका कोठून कोठपर्यंत आहे ते कळते. सगळीकडेच पट्टी सैल निघत असेल तर दाराचा खटका किंवा बिजागरीही तपासावी, कारण दारच पुरेसे आत येत नसेल तर सील किती नवे आहे याला अर्थ उरत नाही.

नवे सील घेताना यंत्राचा पूर्ण मॉडेल क्रमांक लागतो. तो बहुधा दार उघडल्यावर त्याच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर असतो. दिसायला सारखे असलेले दुसऱ्या मॉडेलचे सील घेणे ही खोटी काटकसर आहे, कारण पायाच्या दातांची रुंदी किंवा नळीची जाडी किंचित वेगळी असली तरी ते एकतर खाचेत बसत नाही, नाहीतर दार लागू देत नाही. सील हा ग्राहकाने स्वतः बदलण्याजोगा भाग आहे हे युरोपीय संघाने कायद्यानेच मान्य केले आहे: १ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या डिशवॉशरविषयक नियमानुसार दाराची बिजागरी, सीले, स्प्रे आर्म, जाळ्या व कप्पे हे भाग त्या मॉडेलचे शेवटचे यंत्र बाजारात आल्यानंतर किमान दहा वर्षे मिळत राहिले पाहिजेत, आणि तेही केवळ कारागिरांना नव्हे तर वापरणाऱ्यांनाही. भारतात केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पुढे त्यासाठी संकेतस्थळही उघडले, परंतु सुटे भाग किती वर्षे मिळावेत याचे असे बंधन येथे नाही. सील न मिळाल्यास सिलिकॉनचा लगदा किंवा एम-सील भरून फट बुजवण्याचा मोह होतो. ही द्रव्ये न हलणाऱ्या जोडासाठी आहेत, रोज उघडणाऱ्या-मिटणाऱ्या दाराच्या फटीत ती तडकतात किंवा सोलून निघतात, आणि खाच इतकी बरबटून ठेवतात की पुढे खरे सील बसवणेही अवघड होते.

काम सुरू करण्यापूर्वी केवळ बटण बंद करून थांबू नये. प्लग सॉकेटमधून काढावा आणि अँगल कॉक फिरवून पाणी बंद करावे, कारण २३० व्होल्ट आणि ओली फरशी हे एकत्र नको असतात. जुने सील खालच्या एका टोकापासून हाताने ओढले की खाचेतून सुटत जाते. ते फेकण्यापूर्वी त्याचा ओठ कोणत्या बाजूला होता आणि टोके कोठे संपत होती याचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवावे. मोकळी झालेली खाच बारकाईने स्वच्छ करणे हा या दुरुस्तीतला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. तेथील क्षार, चरबी आणि रबराचे जुने कण टूथब्रशने व कोमट साबणपाण्याने काढून ती पूर्ण कोरडी करावी, खाचेत लोखंडी टोकदार काही खुपसू नये, कारण पत्र्याला ओरखडा पडला तर पुढे गंज तेथून सुरू होतो.

नवे सील घडी होऊन आलेले असते, म्हणून ते आधी सोसवेल इतक्या गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवून पुसून घ्यावे. घड्यांच्या खुणा बऱ्याच निघून जातात. नंतर सीलचा मध्य आणि टबाच्या वरच्या कडेचा मध्य शोधून तेथे प्रथम दाबावे, मग दोन्ही कोपरे, आणि शेवटी दोन्ही बाजू खाली उतरत न्याव्यात. एका टोकापासून सुरुवात करून ओढत गेल्यास रबर ताणले जाते; ताणलेले रबर खाचेत बसल्यावर पुढील काही दिवसांत आक्रसते, टोके वर सरकतात आणि गळतीची जागा दाराच्या खालच्या कोपऱ्यांत, म्हणजे सर्वांत वाईट ठिकाणी, नव्याने तयार होते. सील थोडे जास्त वाटले तरी कापू नये, जास्तीचा भाग बाजूंच्या उतारात सारखा वाटून दाबत जावे. पाया सर्वत्र आत गेला की नाही हे डोळ्यांपेक्षा अंगठ्याला अधिक नीट कळते. मग दार लावून यंत्र काही तास तसेच ठेवावे.

वरचे सील उलट्या इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचे असते आणि टबाच्या तीनच बाजूंना असते, हे अनेकांना सील काढल्यावरच कळते. चौथ्या, खालच्या बाजूसाठी दाराच्या तळाशी वेगळी आडवी पट्टी असते, आणि शिंतोड्यांचा सर्वाधिक मारा तिच्यावर होतो. काही यंत्रांत ती खाचेतून नुसती सरकवून निघते. काहींत दाराचा बाहेरचा पत्रा सहा टोकांच्या ताऱ्यासारख्या खोबणीचे स्क्रू काढून उतरवावा लागतो. पत्रा उतरला की दाराचे वजन कमी होते आणि बिजागरीचे स्प्रिंग त्याला जोराने वर ओढू शकतात, म्हणून हे काम दोघांनी मिळून करावे. केवळ वरचे सील बदलून कोपऱ्यांतील गळती थांबत नसेल तर बहुधा हीच पट्टी राहून गेलेली असते, तेव्हा दोन्ही एकदम बदलणे बरे.

चाचणीपूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी लागते. अनेक यंत्रांच्या तळाशी एक ताट असते आणि त्यात थर्मोकोलसारखा तरंगता तुकडा असतो. गळतीचे पाणी ताटात साचले की हा तुकडा वर उचलला जातो, त्याला जोडलेला स्विच दाबतो आणि यंत्र नवे पाणी घेणे थांबवून निचऱ्याचा पंप चालूच ठेवते. बॉशच्या यंत्रांवर अशा वेळी ‘ई१५’ हा संकेत दिसतो. सील बदलूनही यंत्र चालत नाही अशी तक्रार होते तेव्हा ताटातील जुने पाणी तसेच राहिलेले असते. प्लग काढलेल्या अवस्थेत ताट जुन्या कपड्याने टिपून कोरडे केले म्हणजे यंत्र पुन्हा चालते. मग भांडी न घालता एक छोटी गरम फेरी चालवून वर्तमानपत्राची पाने पुन्हा पसरावीत. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत कोपऱ्याशी किंचित ओल दिसल्यास घाबरून सील काढू नये, नवे रबर पत्र्याच्या कडेशी जुळवून घ्यायला थोडा अवधी लागतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीतही डाग त्याच जागी पडला तर तेथील पाया खाचेत पुरता बसलेला नाही असे धरून तो भाग पुन्हा दाबावा.

कागदावरचा डाग दाराशी न पडता यंत्राच्या मध्याखाली पडत असेल, तर काम घरगुती दुरुस्तीच्या कक्षेबाहेर जाते. तेथे कुंडी आणि टब यांच्यामध्ये रबराचे मोठे कडे असते, आणि जुन्या धाटणीच्या पंपात मोटरचा फिरता दांडा पाण्यात जेथे शिरतो तेथे वेगळ्याच जातीचे सील असते: एक कार्बनची व एक सिरॅमिकची अशा दोन गुळगुळीत चकत्या स्प्रिंगच्या दाबाने एकमेकींवर टेकून फिरतात आणि पाणी त्यांच्यामधून जाऊ शकत नाही. या चकत्यांना बोटाचा तेलकट ठसा किंवा बारीकसा ओरखडाही चालत नाही, त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी यंत्र आडवे करून पंप उतरवावा लागतो, आणि गळणारे पाणी मोटरच्या वीजजोडांवरच पडत असते. हे काम वीज व पंप दोन्ही जाणणाऱ्या कारागिराकडे द्यावे, आणि तो येईपर्यंत यंत्राचा प्लग काढलेला व नळ बंद ठेवावा.